सगळे माने

प्रिय दीपा,

मी, रंगनाथ त्रिंबक बोरुडे, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय छप्पन्न, अहमदनगर येथील एका टंकलेखन संस्थेचा चालक आणि आता तिचा एकमेव निदेशक, हे पत्र तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी लिहीत आहे. हे वाचून तू हसशील, हे मला ठाऊक आहे. ज्याने तुझी बोटे प्रथम कळफलकावर ठेवली त्यानेच तुला आपली ओळख करून द्यावी, हे विचित्र आहे. परंतु लिहिणारा कोण आणि त्याचे काम काय, हे पत्राच्या पहिल्याच वाक्यात स्पष्ट व्हावे, हा नियम मीच तुला शिकवला. तो मोडण्याचा अधिकार मला नाही.

तुझे पत्र मी दोनदा ऐकले. तुझा पहिला प्रश्न असा की, पाथर्डीच्या तुझ्या शाळेत जूनपासून संगणक निदेशकाची जागा भरायची आहे, ती मी स्वीकारावी का. दुसरा असा की, यंत्राच्या साहाय्याने चांगले कसे शिकवावे याची काही तत्त्वे मी लिहून द्यावीत, म्हणजे तालुक्यातील शिक्षकांपुढे बोलताना ती तुला उपयोगी पडतील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच कळवा, असे तू बजावले आहेस. खालच्या झेरॉक्सच्या दुकानातला राम पत्र वाचून दाखवत होता, तो या ठिकाणी थांबला आणि म्हणाला, "सर, मॅडम काय तुम्हाला सोडत न्हाईत आता. बॅग भरा." मी त्याला पुढे वाचायला सांगितले.

तुझ्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करणार आहे. दुसऱ्याचे उत्तर दिल्याशिवाय पहिल्याचे देता येत नाही, हे पत्र संपेपर्यंत तुझ्या लक्षात येईल.

यंत्र सर्वांत शेवटी, हे पहिले तत्त्व. ते मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाही. तुला तुझा पहिला दिवस आठवत असेल. तुझे वडील, भीमराज साळवे, तुला घेऊन जिना चढून आले होते. काही यंत्रे रिकामी असतानाही मी तुला यंत्रावर बसू दिले नाही. टेबलाच्या कडेवर बोटे ठेवून ए-एस-डी-एफ म्हणायला लावले. बाकीच्या मुली हसल्या. मग मी तुला लाकडी झाकण दाखवले, ज्याखाली हात घालून टंकलेखन करायचे असते, म्हणजे कळांकडे पाहण्याचा मोह होत नाही. नजर समोरच्या मजकुरावर, खाली नाही, असे मी म्हणालो. त्यावर तुझे वडील जे बोलले ते मी त्यानंतर प्रत्येक नव्या तुकडीला सांगत आलो, मात्र त्यांचे नाव न घेता. ते म्हणाले, "बरोबर हाय सर. आमच्या घरानं खाली बघायची सवय लई कष्टानं मोडलीय. तुमी ती परत लावू नका." कळफलकाकडे न पाहण्याचे कारण मी तोवर वेगाच्या भाषेत देत असे. ते कारण अपुरे होते.

संस्थेची बातमी विचारली आहेस. इंग्रजी यंत्रांपैकी बहुतेक गेल्या महिन्यात विकली. शासनाची परीक्षा अजून टंकलेखन यंत्रावरच होते, त्यामुळे दोन ठेवली आहेत, आणि मराठीचे एक, ज्यावर हे पत्र टंकित होत आहे. भंगारवाल्याच्या माणसांनी यंत्रे टेम्पोत चढवली तेव्हा एक यंत्र तिरके झाले आणि त्याची ओळ संपल्याची घंटा वाजली. त्यातल्या एकाने, "आरं, जित्तं हाय हे अजून," असे म्हटले आणि सगळे हसले. मला काय वाटले, असे तू विचारशील. मी उभा राहून पाहिले. काही वाटले नाही. काहीतरी वाटायला हवे होते, एवढे मात्र जाणवले. सध्या बऱ्याच गोष्टींच्या बाबतीत असेच होते. जेवण झाले की जेवण झाले, आणि संध्याकाळ झाली की दिवा लावतो. दिवा लावल्याने फरक पडत नसला तरी लावतो.

दुसरे तत्त्व तुझ्याच वर्गात मला सापडले. गेल्या दिवाळीपूर्वी तू मला आग्रहाने पाथर्डीला नेलेस, तेव्हाची गोष्ट. संगणक चार, मुले पन्नासच्या वर, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. एका यंत्राभोवती डझनभर डोकी. ज्याच्या हातात माऊस तो राजा, बाकीचे प्रेक्षक. तू मला खुर्चीवर बसवलेस आणि तो माऊस माझ्या हातात दिलास. पडद्यावरचा बाण मला सापडेना. मी जिथे पाहावे तिथून तो नाहीसा होई. मुलांतला एक जण म्हणाला, "सर, बाण गेला की वो बांधाच्या पल्याड." दुसरा म्हणाला, "पल्याड न्हाई, पार शेवगावला गेला. माघारी बोलवा त्याला." रेश्मा नावाची ती सडपातळ मुलगी तेवढी हसली नाही. ती माझ्या खांद्यामागून हळूच सांगू लागली, "उजवीकडं सर. आनखी. आता खाली. थांबा. दाबा." मी तिच्या शब्दांवर हात हलवला आणि चित्र उघडले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुला ती माझी गंमत वाटली. पण मी त्यावरून लगेच तुला एक पद्धत सांगितली, ती तू अजून पाळतेस असे कळते: जो यंत्रावर बसेल त्याने स्वतःच्या मनाने काही करायचे नाही, जो मागे उभा असेल त्याने बोलायचे आणि बसलेल्याने तसे करायचे. मग उभा राहणारा प्रेक्षक राहत नाही. त्याला काय हवे ते नेमक्या शब्दांत सांगावे लागते, आणि नेमके सांगता येणे म्हणजेच समजणे. यंत्र एकाच्या हाताखाली असले तरी तास सगळ्यांचा व्हावा, हे ते तत्त्व.

त्याच दिवशी वीज गेली. तू कपाळावर हात मारलास आणि मुले दप्तरे गोळा करू लागली. तिसरे तत्त्व इथे येते: वीज गेली म्हणून जो तास थांबतो, तो तास विजेने घेतला होता, शिक्षकाने नव्हे. मी मुलांना बाकाच्या कडेवर बोटे ठेवायला सांगितले, जशी तुला सांगितली होती. पन्नास मुलांच्या बोटांचा लाकडावरचा तो आवाज मला फार ओळखीचा वाटला. कोणाची करंगळी आळस करते हे मी न पाहता सांगत होतो, आणि मुलांना ती जादू वाटत होती. तुला ते कौशल्य वाटले. प्रत्यक्षात मी पाहू शकत नव्हतो म्हणून ऐकत होतो. पण त्या वेळी मी हे स्वतःलाही एवढ्या स्पष्टपणे सांगितले नव्हते.

तास संपल्यावर तू जे म्हणालीस ते तुझ्या लक्षात नसेल. तू म्हणालीस, "सर, आठवड्याभरात यांतली निम्मी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील. ती येतील थेट चैत्रात, आणि तोवर आज शिकलेले सगळे पुसले जाईल. संगणक काही बैलगाडीत घालून देता येत नाही." मी नगरला परत येईपर्यंत एसटीत त्याचाच विचार करत होतो. मूल जिथे जाते तिथे तासाने जावे, हे चौथे तत्त्व, आणि ते अंमलात आणण्याची रीत मला सुचली याचे त्या वेळी समाधान वाटले होते. जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून प्रत्येकावर कळफलक उठवायचा. प्रवेशपत्रांवर अक्षरे उठवण्यासाठी पूर्वी घेतलेला रबरी शिक्क्यांचा संच माझ्याकडे होता. चौकोनांची खिडकी कापलेला एक साचा केला, म्हणजे ओळी वाकड्या होणार नाहीत. एक शिक्का घ्यायचा, तो सर्व पुठ्ठ्यांवर त्याच्या जागी उठवायचा, मग पुढचा घ्यायचा. शाई पक्की वापरली. मुले निघण्याच्या आदल्या दिवशी मी ते गठ्ठे तुझ्या स्वाधीन केले, आणि तू ते न उघडता वाटलेस. कारण मी दिलेली वस्तू तू कधीच तपासत नाहीस.

मुलांनी त्याला 'पाटी' हे नाव दिल्याचे तू मग कळवलेस. रेश्मा पुणतांब्याच्या बाजूला उसाच्या फडात होती, आणि तिची आई रतनबाई तिच्यावर करवादत असे, की पोरगी भाकरी थापायची सोडून पुठ्ठा बडवत बसती, ह्यातनं काय पीठ पडनार हाय का. तरीही रतनबाईनेच ती पाटी धुराने काळी पडू नये म्हणून कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, उंचावर खोचून ठेवली, असेही तू लिहिले होतेस. ती दोन्ही वाक्ये मी रामकडून पुन्हा वाचून घेतली होती.

आता तुझ्या ताज्या पत्रातील मजकुराकडे येतो. मुले चैत्रात परतली, यंत्रांपुढे बसली, आणि ज्यांनी पाटी नेली होती त्यांची बोटे, न गेलेल्या मुलांपेक्षा सरस चालली. खाली न पाहता. हे तू आनंदाने लिहिलेस आणि मग मजेचा प्रकार म्हणून पुढचे लिहिलेस. तू त्यांना इंग्रजीत 'माय नेम इज' असे लिहून पुढे आपापले नाव लिहायला सांगितलेस. 'नेम' या शब्दात एन, ए, एम, ई ही अक्षरे येतात. पाटीवर शिकलेल्या प्रत्येक मुलाने एनच्या जागी एम आणि एमच्या जागी एन मारला, आणि पडद्यावर एम-ए-एन-ई उमटले. मुख्याध्यापक गोरक्षनाथ सर मागून आले, त्यांनी एकेक पडदा पाहिला आणि म्हणाले, "काय हो मॅडम, गेली तवा तर कुनी बडे होतं, कुनी खेडकर, कुनी ढाकणे. उसातनं माघारी आली ती सगळी माने हून आली का काय?" वर्ग पोट धरधरून हसला. राम हे वाचताना इतका हसला, की त्याला चष्मा काढून पुसावा लागला. मीही थोडा हसलो असेन. खात्रीने सांगता येत नाही.

यापुढे तू एक वाक्य घातले आहेस: "गारपिटीत पाट्या भिजल्या होत्या सर, त्यामुळे अक्षरे पुसट होऊन मुलांचा गोंधळ झाला असावा." दीपा, शाई पक्की होती. आणि पुसट झालेल्या एनचा एम होत नाही. तुला हे माहीत आहे. एक पाटी तुझ्या हातात आली असणार, तू खालची ओळ वाचली असणार, आणि मग पावसाला पुढे केले असणार.

राम पत्र वाचून गेल्यावर मी उरलेल्या पाट्यांपैकी एक घेतली, जिना उतरून दुकानात गेलो आणि शेवटची ओळ वाचायला सांगितली. त्याने वाचली: झेड, एक्स, सी, व्ही, बी, एम, एन. मी म्हणालो, पुन्हा वाच. तो म्हणाला, "वाचली की सर. बी, यम, यन." मग त्याने झेरॉक्सचे यंत्र बंद केले आणि तो हळू आवाजात म्हणाला, "शेवटची दोन उलटी बसली का हो?" मी हो म्हणालो. रबरी शिक्क्यावर अक्षर उलटे असते. एन आणि एम हे दोन शिक्के मी बोटांनी चाचपून निवडले होते आणि डोळ्यांनी खात्री केली असे धरून चाललो होतो. माझी पद्धत चोख होती, म्हणून चूकही प्रत्येक पुठ्ठ्यावर चोख उमटली. एकाच पुठ्ठ्यावर चुकलो असतो तर मुलांनी एकमेकांच्या पाट्या ताडून ती पकडली असती.

परंतु ज्या ओळीसाठी मी हे सगळे लिहीत आहे ती ही नव्हे. ती तुझ्या पत्रात त्याच्याही पुढे आहे, आणि तू ती कौतुकाने लिहिली आहेस. तू रेश्माला सांगितलेस, की तुझी ही दोन बोटे चुकतात. ती यंत्राकडे बघून म्हणाली, "मॅडम, माजं न्हाई चुकत. सरांची पाटी बराबर हाय. ह्या कंप्युटरच्याच कळा उलट्या बसिवल्यात." आणि बाकीची मुलेही म्हणाली, की मशीनच चुकतंय, सर कशाला चुकतील. तू याला गुरूवरील श्रद्धा म्हटले आहेस. मला ते वाक्य ऐकून पहिल्यांदाच, बऱ्याच महिन्यांनंतर, काहीतरी झाले. काय झाले त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. समोर चार यंत्रे एकच गोष्ट दाखवत असताना ती मुलगी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, कारण नगरहून आलेल्या एका माणसाने पुठ्ठ्यावर वेगळे उठवून दिले आहे. तुझ्या वडिलांनी मला जी सवय लावू नका असे सांगितले होते, तीच ही. फक्त ती नजर खाली घालून नव्हे, तर माझ्याकडे वर पाहून लागली आहे. तेव्हा तालुक्यातील शिक्षकांना इतर काही सांगितले नाहीस तरी हे पाचवे तत्त्व सांग: साधन पुठ्ठ्याचे असो वा विजेचे, ते शिक्षकाला खोटे ठरवण्यासाठी मुलाला वापरता आले पाहिजे. नवी यंत्रे येतील, याहून वेगवान येतील, आणि त्यांतही कोणीतरी एन आणि एम उलटे बसवलेले असतील. ते ओळखून मोठ्याने सांगणारे मूल वर्गात नसेल, तर यंत्र कितीही भारी असले तरी तिथे शिकवणे होत नाही, फक्त उठवणे होते.

आता पहिला प्रश्न. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मागचा पडदा झिजला आहे. डॉक्टरांनी सांगितले, की चष्म्याने किंवा शस्त्रक्रियेने फरक पडणार नाही. कडेचे दिसते, म्हणून जिना उतरतो, रस्ता ओलांडतो आणि कोणाला संशय येत नाही. नेमके पाहावे तिथे मात्र करडा डाग असतो. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा मी त्यांचे आभार मानले आणि घरी येऊन दिवा लावला. तुला कळवले नाही, कारण कळवण्यासारखे काही वाटत नव्हते. आता कळवत आहे, आणि हे पत्र गोरक्षनाथ सरांनाही दाखव. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या शनिवारी मी येईन. एसटीची पाटी मला वाचता येत नाही, म्हणून माळीवाड्याच्या बसस्थानकावर कोणालातरी विचारून पाथर्डीच्या गाडीत बसेन. रेश्माला तिची पुठ्ठ्याची पाटी घेऊन यायला सांग, पण कशासाठी ते सांगू नकोस. मी तिला सगळ्यांसमोर पाटीवरची शेवटची ओळ वाचायला लावीन, मग यंत्रावरची, आणि चूक कोणाची ते विचारीन. मी तिला मदत करणार नाही, तूही करायची नाहीस. "सर, तुमचं चुकलंय," एवढे ती माझ्या तोंडावर म्हणाली, तर माझे उत्तर हो आहे. ज्याला दिसत नाही अशा माणसाने शिकवावा असा वर्ग तोच. ती पुन्हा यंत्रालाच दोष देऊ लागली, तर उत्तर नाही, आणि मी संध्याकाळच्या गाडीने परत येईन. तुझी परीक्षा मात्र त्याआधी आहे. हे पत्र मी स्वतः, कोणाकडूनही तपासून न घेता टंकित केले आहे. सहीच्या जागेचा अंदाज बोटाने घेतला आहे. ती रेघेबाहेर गेली असेल. लाल शाई घे, मी तुझे कागद तपासत असे तसे हे तपास, प्रत्येक चुकीला गोल कर आणि पत्र मला परत पाठव. रामला मी गोल मोजायला सांगेन. एकही सोडू नकोस, दीपा, आणि या खेपेला पावसाचे नाव घेऊ नकोस.

तुझाच शिक्षक,
रंगनाथ त्रिंबक बोरुडे

अहमदनगर
२ मे १९९९